पवनारची काळी, पांढरी आणि धाम

१९५१ सालच्या मार्च महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या शेतजमिनीच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. एक सरकारी होती. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मालगुजारी रद्द करणारा कायदा आदल्या वर्षी झालेला होता. ३१ मार्चला मालगुजारांचे गावांवरचे हक्क प्रत्यक्ष संपले. ज्या वाड्यांत तीन-चार पिढ्यांनी सारा भरला, त्या वाड्यांचा अंमल कागदावर तरी त्या दिवशी उठला. दुसरी गोष्ट त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. धाम नदीच्या काठावरच्या पवनारच्या आश्रमातून पंचावन्न वर्षांचा एक कृश माणूस हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीकडे पायी निघाला. तिथे सर्वोदय संमेलन होते. अंतर सुमारे ३०० मैल. विनोबा भावे पवनारहून निघाले तेव्हा भूदान हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, त्यांच्याही नव्हता. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली, आणि पुढची तेरा वर्षे हा माणूस देशभर जमीन मागत चालत राहिला.

पवनारवर लिहिताना मी या मार्च महिन्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते या गावाचा सगळा इतिहास जमिनीच्या देण्याघेण्याचा आहे. ग्रंथांत पवनार येते ते राजधानी म्हणून किंवा आश्रम म्हणून. त्या दोन्हींच्या मध्ये एक शेतकरी गाव दीड-दोन हजार वर्षे वस्ती करून बसलेले आहे. कोणी त्याच्या आसपासच्या जमिनी दान दिल्या, कोणी त्यांच्यावर कर बसवला, कोणी त्या मागितल्या. आता कोणी त्या रस्त्यासाठी मोजतो आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, अशी आपल्याकडची जुनी विभागणी आहे. पवनार या दोन्ही बाजूंनी पाहायला हवे, आणि तिसरी बाजू धामेची.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला आठ-नऊ किलोमीटरवर पवनार लागते. धाम ही काही मोठी नदी नाही. आर्वीकडच्या डोंगराळ मुलखातून ती येते, पवनारपाशी काळ्या खडकांतून वाहते, पुढे वणा नदीला मिळते. वणा वर्धेला, वर्धा वैनगंगेला, आणि प्राणहिता होऊन सगळे पाणी गोदावरीत. उन्हाळ्यात पवनारला खडकांच्या पाठी उघड्या पडतात आणि मधूनमधून डोह उरतात. पावसाळ्यात हीच नदी दोन्ही काठांना लागून धावते.

‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या तेरा सरकारांची यादी आहे, तीत पवनार हे एक सरकार आहे. अबुल फझलने या जागेचे वर्णन अगदी मोजके केले आहे: उंचवट्यावरचा बळकट किल्ला, तीन बाजूंनी दोन प्रवाहांनी वेढलेला. वर्धा शहराचा तेव्हा पत्ताही नव्हता. वर्धा जिल्हा झाला १८६२ मध्ये, त्याचे मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर वर्धा वसवून १८६६ मध्ये ते तिथे हलवले गेले. म्हणजे आज ज्याला आपण वर्ध्याजवळचे गाव म्हणतो ते जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कितीतरी शतकांनी जुने आहे.

गावात पवन राजाची कथा सांगतात. या राजाजवळ परीस होता. तो रयतेकडून सारा पैशांत घेत नसे, धान्यातही नसे. शेतकऱ्यांनी नांगराचे झिजलेले फाळ आणून द्यायचे, आणि परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने व्हायचे. पुढे मुसलमानी सैन्य चालून आले, राजाचा पाडाव झाला, आणि राणीसह त्याने धामेच्या डोहात उडी घेतली. परीसही त्याच डोहात गेला. या कथेला कुठल्या ताम्रपटाचा आधार शोधण्यात अर्थ नाही. तरीही मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यात शेतकऱ्याच्या मनातला राजा दिसतो. त्याने झिजलेला फाळ तेवढा घ्यावा, पीक घेऊ नये. सारा, पट्टी, मालगुजारी सोसलेल्या लोकांनी कल्पिलेले राज्य असेच असणार.

आता ताम्रपटांकडे. वाकाटक घराण्यातला दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात राज्य करत होता. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. मुले लहान असताना तिने स्वतः राज्यकारभार चालवला होता. प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळून दिलेले आहेत. नंतरच्या ताम्रपटांवर प्रवरपूर हे नाव येते. राजाने आपल्या नावाची नवी राजधानी वसवली होती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजे आपले पवनार असे मांडले, आणि विदर्भातल्या कित्येक पिढ्या तेच शिकत आल्या.

प्रवरपुराहून निघालेल्या ताम्रपटांत सर्वांत प्रसिद्ध आहे तो अचलपूरजवळच्या चम्मक गावचा, प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षातला. मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, ‘भूमि’ या मापाने आठ हजार भरणारी जमीन, एक हजार ब्राह्मणांना दान. या पटातला मजकूर वाचताना राजाच्या मोठेपणापेक्षा गावाचे हाल आधी दिसतात. दान दिलेल्या गावात सैन्य शिरणार नाही, पाळीने गायी-बैल द्यावे लागणार नाहीत, फुले-दूध, चराई, कातडी, कोळसा द्यावा लागणार नाही, मीठ खणण्याची मागणी होणार नाही, असे राजा वचन देतो. याचा सरळ अर्थ असा की बाकीच्या गावांना हे सगळे द्यावे लागत होते. दान घेणाऱ्यांवरही अटी आहेत: राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. अटी मोडल्या तर राजा जमीन परत घेईल. जमिनीच्या दानाला अटी असाव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात ही समज आपल्या मुलखात दीड हजार वर्षे जुनी आहे. भूदानाच्या जमिनींचे पुढे जे झाले ते पाहताना या ताम्रपटाची आठवण येते.

मिराशींचे मत सर्वांना मान्य राहिले नाही. रामटेकजवळच्या मनसरला हिडिंबा टेकडीवर मोठे मंदिर उघडे झाले, तिथे प्रवरेश्वर हे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या, आणि अजय मित्र शास्त्री, डच अभ्यासक हान्स बाकर यांच्यासारख्यांनी प्रवरपूर मनसरला असल्याचे म्हटले. मनसरचा पुरावा जड आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्यामुळे पवनार हलके होते असे मला वाटत नाही. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये पवनारला उत्खनन केले. काळ्या-तांबड्या भांड्यांच्या खापरांपासून मध्ययुगापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून पुढे, वस्तीचे थरावर थर तिथे निघाले. राजधानी असो वा नसो, या टेकाडावर माणसे सतत राहत होती. राजधान्या हलतात, त्या हलवता येतात. इतक्या दीर्घ काळ गाव टिकते ते पाण्यामुळे आणि काळ्या मातीमुळे.

त्या वाकाटक काळातल्या काही उत्तम शिल्पपट्ट्या पवनारला मिळाल्या. मिराशींनी त्यांत रामकथा वाचली: राम-भरताची भेट, वाली-सुग्रीवांचे युद्ध, आणि त्यावरून इथे प्रवरसेनाच्या काळचे रामाचे मंदिर असावे असे म्हटले. काही अभ्यासकांनी त्याच शिल्पांचे वेगळे अर्थ लावले आहेत. पण रामाच्या बाजूने एक गोष्ट बोलते. महाराष्ट्री प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे महाकाव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे. रामाने समुद्रावर सेतू बांधला, त्याचे ते काव्य. कालिदासाने राजाला ते लिहायला मदत केली अशी जुनी परंपरा आहे. ज्या बोलीतून पुढे आपली मराठी घडली, त्या बोलीतले हे महाकाव्य विदर्भातल्या राजाचे आहे, याचा अभिमान आपण फारसा बाळगत नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्याची एखादी गोष्ट तरी यायला हवी.

००

शिल्पांपैकी राम-भरत भेटीची शिळा कशी मिळाली, हे पवनारच्या अर्वाचीन इतिहासात लिहिलेले आहे. १९३८ साली विनोबांची प्रकृती फार ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजी काळजीत पडले, कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी जा म्हणाले. विनोबांनी पवनारला वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांचा नदीकाठचा रिकामा बंगला निवडला. पूल ओलांडताना त्यांनी मनोमन सगळ्या संस्थांची, सगळ्या कामांची जबाबदारी सोडून दिली, तीनदा संन्यासाचा संकल्प उच्चारला. मग रोज थोडे थोडे शेत खणायला लागले. सुरुवातीला पाच मिनिटे, मग दहा, मग तास. उघड्या हवेत कुदळ चालवून ते पुन्हा धट्टेकट्टे झाले. असे खणता खणता कुदळ एका दगडाला लागली. माती बाजूला केली तर राम-भरत भेट. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना याच भेटीचे चित्र त्यांनी डोळ्यांपुढे उभे केले होते. त्यांनी ती मूर्ती देवाचा प्रसाद मानून तिथेच बसवली. आजही आश्रमात गेले की ती शिळा आणि आसपास मिळालेली इतर शिल्पे पाहता येतात. काही थेट भिंतींत बसवलेली आहेत. संग्रहालयाच्या काचेआड न जाता पूजेत राहिलेली ही शिल्पे आहेत. अभ्यासकाला यात अडचण वाटेल, गावच्या माणसाला नाही.

धामेच्या पल्याडचा म्हणून त्यांनी या जागेला परमधाम म्हटले. १७ ऑक्टोबर १९४० ला गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले, तेव्हा युद्धाविरुद्धचे पहिले भाषण पवनारलाच झाले. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू ठरले होते. देशाला तोवर विनोबा हे नाव माहीत नव्हते. वर्तमानपत्रांना हा कोण माणूस आहे ते सांगावे लागले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली. त्या आठवड्यात एका छोट्या गावाचे नाव एकदम देशभर गेले.

मला स्वतःला या सगळ्यापेक्षा सुरगावची हकीगत मोठी वाटते. तुरुंगातून सुटल्यानंतर, १९४६ पासून पुढे जवळपास दोन वर्षे, विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडे घेऊन पवनारहून तीन मैलांवरच्या सुरगावला चालत जात आणि गावातली घाण उचलत. एकदा पावसाळ्यात वाटेतल्या पाण्याला पूर होता. पलीकडे जाता येईना. त्यांनी काठावरून समोरच्या माणसाला हाक मारली आणि सांगितले, देवळात जाऊन देवाला निरोप दे की गावचा भंगी आला होता, पुरामुळे येऊ शकला नाही. तो माणूस ‘बाबाजी आले होते’ असे सांगतो म्हणाला, तर त्यांनी त्याला दुरुस्त केले: बाबाजी नव्हे, भंगी. उपनिषदांवर बोलणाऱ्या माणसाने दोन वर्षे रोज सहा मैल चालून हे काम करावे, आणि कोणाला दाखवण्यासाठी नव्हे, हे पवनार-सुरगावच्या वाटेचे खरे वैभव आहे. त्या वाटेवर एखादी पाटी तरी उभी करावी.

गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ ला इथे धामेत विसर्जित झाल्या. नदीच्या पात्रात गांधीजींची स्मारक-छत्री आहे. दर वर्षी १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळा भरतो. सूतकताई होते, सुताच्या गुंड्या अर्पण होतात. बाकीच्या दिवशी त्याच खडकांवर पोरे बसलेली असतात, बायका धुणे आपटतात, सुट्टीच्या दिवशी वर्ध्याची कॉलेजची मुले फोटो काढतात. मला यात काही वावगे दिसत नाही. नदी सगळ्यांची आहे.

००

भूदानाला निघण्याआधी पवनारच्या आश्रमात जे चालू होते ते शेतीच्या दृष्टीने पाहायला हवे. पैशाशिवाय जगायचे, बाजारातून भाजी आणायची नाही, बैलांशिवाय कुदळीने शेती करायची: कांचनमुक्ती आणि ऋषिशेती. विहीर खोदली, तिच्यावर रहाट बसवला, आणि बैलांच्या जागी आश्रमातले तरुण स्वतः रहाट फिरवत. कुणाला हे टोकाचे वाटेल. पण ज्याने स्वतःच्या हातांनी जमीन खणून भाजी पिकवली होती, त्यालाच दुसऱ्याकडे जमीन मागण्याचा अधिकार पोचला. पोचमपल्लीच्या लोकांनी त्यांच्याजवळ जमीन मागितली, धान्य किंवा पैसा नाही, हा योगायोग मला वाटत नाही.

तेलंगणातून ते जूनच्या अखेरीस पवनारला परतले, तोवर बारा हजारांहून अधिक एकर जमीन मिळाली होती. १२ सप्टेंबर १९५१ ला नेहरूंच्या निमंत्रणावरून पुन्हा निघाले, दिल्लीकडे, अर्थात पायीच. परतले थेट एप्रिल १९६४ मध्ये. बेचाळीस लाख एकरांच्या आसपास जमीन कागदावर दान झाली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच वादात अडकली, मोठा भाग वाटलाच गेला नाही. विदर्भात भूदानासाठी १९५३ चा मध्य प्रदेशचा भूदान यज्ञ कायदा पुढेही लागू राहिला. त्याप्रमाणे मिळालेली जमीन विकता येत नाही. तरी तिच्या खरेदी-विक्रीच्या तक्रारी विदर्भातल्या तहसील कचेऱ्यांना नव्या नाहीत. प्रवरसेनाच्या ताम्रपटावर कारकुनाने अटी खोदून ठेवल्या होत्या आणि त्या मोडल्यास काय होईल तेही. भूदानात देणाऱ्याच्या मनावर जेवढा भर होता, तेवढा घेणाऱ्याच्या नावाने झालेल्या फेरफारावर राहिला नाही. मी भूदानाला अपयश म्हणणाऱ्यांपैकी नाही. लाखो कुटुंबांना जमीन मिळाली, आणि तीही एक थेंब रक्त न सांडता. पण सातबारावर नाव चढेपर्यंत दान पुरे होत नाही, हे त्या चळवळीने आणखी लवकर ओळखायला हवे होते.

विनोबा पदयात्रेत असतानाच, २५ मार्च १९५९ ला, पवनारच्या आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. स्त्रियांनी एकत्र राहून, ब्रह्मचर्य पाळून साधना करायची, आणि तीही सामूहिक. इथे कोणी महंत नाही, गादी नाही, प्रमुख नाही. निर्णय सर्वानुमते व्हायचा. एकीचे जरी मन तयार नसेल तरी थांबायचे. शेती, गोशाळा, स्वयंपाक, सफाई, छपाई ही कामे वाटून घ्यायची. पहाटे ईशावास्य, सकाळी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे. ‘मैत्री’ हे हिंदी मासिक इथून निघते. जून १९७६ मध्ये, आणीबाणीत, त्याच ‘मैत्री’चे अंक पोलिसांनी जप्त केले, कारण त्यात गोवधबंदीसाठी विनोबांच्या उपवासाची घोषणा होती. आदल्याच वर्षी मौन असताना पाटीवर लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे शब्द आणीबाणीच्या समर्थनासाठी वापरले गेले होते. ते शब्द विनोबांनी लिहायला नको होते असे माझे मत आहे. पुढे त्यांच्या अर्थाविषयी कितीही खुलासे झाले, तरी तुरुंगात असलेल्या हजारोंना त्या वेळी खुलासा नको होता, सोबत हवी होती. पवनारच्या प्रेमापोटी ही गोष्ट गाळून टाकणे बरोबर होणार नाही.

देशाच्या दृष्टीने विनोबांचे शेवटचे दिवस मोठी बातमी होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवले, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. ती दिवाळी होती. पंतप्रधान इंदिरा गांधी अंत्यसंस्काराला आल्या.

००

आश्रमातून बाहेर पडून गावात गेले की वर्ष वेगळ्या पंचांगाने चालते. इथे ऋतू पऱ्हाटीच्या उंचीवर मोजतात. रोहिणी-मृगात वखरणी संपते, पेरणी होते. मग निंदण, डवरणी. कापसाच्या पहिल्या वेच्याला वावरात सीतादही करतात, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच वेचायला सुरुवात. बायका ओट्यात कापूस भरत ओळीने पुढे सरकतात, संध्याकाळी किलोवर मजुरी. शेवटचा वेचा झाला की उलंगवाडी. सोयाबीन आल्यापासून हे चक्र थोडे बदलले. दिवाळीच्या आधी हातात पैसा येऊ लागला म्हणून लोकांनी सोयाबीन स्वीकारला. तूर कापसाच्या तासांत आंतरपीक म्हणून राहते, आणि हिवाळ्यात तिच्या ओल्या शेंगा उकडून खाणे हे या भागाचे सुख आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला, तेव्हा बीटीच्या भरवशावर बसलेल्या सगळ्यांची झोप उडाली.

जुन्या लोकांना विचारा, ते पवनार आणि सेलू-घोराडच्या केळीच्या बागांची आठवण काढतील. धामेच्या आणि विहिरींच्या पाण्यावर इथे केळी पिकत, बाहेर जात. पाणी ओढू लागले, विजेचे वेळापत्रक आले, भाव कोसळले, आणि बागा कमी होत गेल्या. नदीवरचा ताण आता दुसऱ्या बाजूने आहे. महाकाळीच्या धरणातून सोडलेले पाणी धामेच्या पात्रातून येते आणि पवनार, येळाकेळी येथून उचलून वर्ध्याला प्यायला जाते. एवढ्या मोठ्या वस्तीची तहान या एका लहान नदीवर आहे, आणि तिच्यातच गणपती-दुर्गादेवीच्या मूर्ती विसर्जनाला येतात. वर्ध्यातून निघणाऱ्या मिरवणुकींचा शेवट वर्षानुवर्षे पवनारच्या काठावर होत आला. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, रंग, निर्माल्य, प्लॅस्टिक; दुसऱ्या दिवशी नदी बघवत नाही. अलीकडे विसर्जनासाठी कुंडे केली जातात, लोक वळूही लागले आहेत, पण सवय लवकर सुटत नाही. पुढच्याच आठवड्यात हेच पाणी आपल्या नळाला येणार आहे, एवढी साधी गोष्ट मिरवणुकीच्या डीजेपुढे कोणाला ऐकू जात नाही, याचे दुःख होते.

गावाच्या सणांत पोळा सर्वांत मोठा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मुलांचा. लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत लेकरे घरोघर जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. ही नागपूर-वर्ध्याकडची रीत. पलीकडे सिंदी रेल्वेला तर भलेमोठे लाकडी नंदी निघतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. दिवाळीत पाडव्याला गाईगोधन. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, पण पोळ्याच्या दिवशी ज्याच्याकडे एकच जोडी उरली आहे तो तिला असा सजवतो की बाकीचे बघत राहतात.

सेवाग्राम विकास आराखड्यात सेवाग्राम, पवनार आणि वर्धा यांचा समावेश झाला. धामेच्या काठाला घाट आणि पायऱ्या आल्या, दिवे आले. काही गोष्टी चांगल्या झाल्या. पण खडकाळ काठावर किती सिमेंट ओतावे याचा विचार अधिक व्हायला हवा होता. पुराच्या पाण्याला जागा लागते, आणि पवनारचे सौंदर्य त्या काळ्या खडकांत आहे.

यापुढचे वळण आणखी मोठे आहे. नागपूर ते गोवा असा जो शक्तिपीठ महामार्ग शासनाने आखला, त्याचे एक टोक पवनार आणि दुसरे गोव्याच्या हद्दीवरचे पत्रादेवी. मूळ आखणीत सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. सर्वांत मोठा विरोध कोल्हापूर-सांगलीकडे उभा राहिला, बागायती जमिनीच्या शेतकऱ्यांचा. वर्ध्याकडे आवाज तेवढा नाही, पण भूसंपादनाची नोटीस आली की कोरडवाहू शेतकऱ्यालाही तीच धास्ती बसते: पैसा किती, कधी, आणि तो संपल्यावर काय. समृद्धी महामार्गाच्या वेळी वर्धा जिल्ह्याने हे पाहिलेले आहे. काहींनी मोबदल्यातून दुसरीकडे शेती घेतली, घर बांधले. काहींचा पैसा दोन-तीन वर्षांत गाडी, लग्न आणि हातउसन्यात संपला.

रस्ते नकोत असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्या गावातून जमीन मागायला निघालेला माणूस प्रत्येक दारात समोर बसून बोलला, त्या गावापासून सुरू होणाऱ्या रस्त्याने मोजणीचे दगड लावण्याआधी लोकांसमोर बसावे. ग्रामसभा भरवावी, नकाशा मराठीत भिंतीवर लावावा, प्रत्येक गट क्रमांकाचा हिशेब वाचून दाखवावा. पवनारला एक जागा अशी आहे की जिथे १९५९ पासून एकीचेही मन तयार नसेल तर निर्णय थांबतो. सरकारला तेवढे जमणार नाही. निदान लोक बोलून संपेपर्यंत थांबता येईल.

आणि पांढरीचे काय? पवनारची घरे त्या जुन्या टेकाडावर आणि त्याच्या आसपास आहेत. घराचा पाया खणला, गटाराची चर काढली की खापरे निघतात. ती पाटीत भरून कुठेतरी टाकली जातात. १९६७ चे उत्खनन लहान होते, त्याला जवळपास साठ वर्षे होत आली. त्यानंतर मनसरला बरेच काम झाले आणि प्रवरपुराचा वाद रंगला. पवनारची बाजू मात्र त्याच जुन्या अहवालावर उभी आहे. पुरातत्त्व खात्याने आणि नागपूर विद्यापीठाने इथे पुन्हा यायला हवे. गावात एक साधी इमारत हवी, जिथे या मातीतून निघालेल्या वस्तू, शिल्पांचे फोटो, चम्मकच्या ताम्रपटाचा मराठी अनुवाद आणि भूदानाच्या दानपत्रांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवता येतील. महामार्गाचे ठेकेदार मुरूम उचलायला येण्याआधी टेकाडाची हद्द मोजून, दगड रोवून, सातबारावर तशी नोंद करून घ्यायला हवी.